बीजाच्या लाकडाचा निळा उजेड



आठवडी बाजाराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. गाव मूल असो, आष्टी असो, की अहेरी. भाजीच्या ओळी संपल्या की मासळीची ओळ लागतेच. पहाटे मामा तलावातून काढलेली मरळ नि रोहू टोपलीत आहेत, त्यांच्या पलीकडे समुद्राकडून बर्फात बसून आलेले बांगडे आहेत, आणि अगदी टोकाला सुकट-झिंग्यांचे ढीग. गिऱ्हाईक काय करते? मासा उचलते, कल्ला उघडून लाल आहे की नाही ते पाहते, अंगठ्याने दाबते आणि शेवटी नाकाशी नेते. मग एक तर पदरचे पैसे सोडते, नाही तर मासा टोपलीत परत टाकून पुढे जाते.

ही तपासणी माणूस हजारो वर्षे करीत आला आहे. ती फुकट आहे, लगेच होते आणि पुष्कळ वेळा खरीही ठरते. पण पुष्कळ वेळा म्हणजे नेहमी नव्हे. नाक थकते. दुर्गंधीत दहा मिनिटे उभे राहिले की दुर्गंधी जाणवेनाशी होते. सर्दी झालेल्या माणसाचे नाक तर रजेवरच असते. शिवाय नाकाची साक्ष नोंदवून ठेवता येत नाही. विकणारा म्हणतो ताजा आहे, घेणारा म्हणतो शिळा आहे, आणि निवाडा करायला तिसरा कोणी नसतो. हा तिसरा साक्षीदार माणसाला कसा सापडला, त्याचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. हा साक्षीदार म्हणजे उजेड. आणि मौज अशी की या इतिहासाचे पहिले पान ज्या जातीच्या झाडांनी लिहिले, त्या जातीचे एक झाड आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात उभे आहे.

त्या झाडाचे नाव बीजा. कोणी बिबला म्हणतात, वैद्य त्याला विजयसार म्हणतात. सालीवर घाव घातला की रक्तासारखा लाल डिंक वाहतो. लाकूड टणक, दारे-खिडक्या, गाडीचे सामान यांसाठी सागाच्या खालोखाल मानाचे. या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी भरून सकाळी पिण्याची चाल मधुमेहासाठी पुष्कळ ठिकाणी आहे. त्या औषधाच्या गुणाविषयी मला आज काही बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते त्या पाण्याच्या रंगाविषयी. शिक्षक मंडळींनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. बीजाच्या गाभ्याच्या चार ढलप्या काचेच्या पेल्यात पाण्यात टाका आणि काही तास राहू द्या. पाणी मधासारखे पिवळसर होईल. आता पेल्यामागे काळे कापड धरा आणि बाजूने उन्हाची तिरीप पडू द्या. पाण्याच्या कडेला निळसर झाक दिसेल. आरपार पाहिले तर पिवळे, कडेने पाहिले तर निळे. एकाच पाण्याचे दोन रंग कसे?

हाच प्रश्न सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपात पडला होता. स्पेनमधील सेव्हिल शहराचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५६५ साली मेक्सिकोहून येणाऱ्या एका लाकडाचे वर्णन लिहिले. मूत्रपिंडाच्या विकारावर ते लाकूड पाण्यात भिजवून देत, आणि त्या पाण्याला निळी झाक येई. पुढे अशा लाकडाचे पेले राजेरजवाड्यांना नजर होऊ लागले. विसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा कळले की या नावाखाली दोन झाडांचे लाकूड युरोपात जात होते. एक झाड मेक्सिकोचे आणि दुसरे फिलिपाइन्स बेटांचे. फिलिपाइन्सचे झाड आपल्या बीजाच्याच कुळातले, त्याची सख्खी बहीण म्हणा ना!

या पाण्यावर पहिला विचारपूर्वक प्रयोग केला तो रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने. १६६४ साली रंगांवर लिहिलेल्या पुस्तकात तो सांगतो की या पाण्यात आंबट द्रव्य घातले की निळी झाक नाहीशी होते, आणि क्षार घातला की ती परत येते. श्रोतेहो, एवढे एक वाक्य लक्षात ठेवा: आंबटाने विझतो, क्षाराने पेटतो असा हा उजेड. याचा उपयोग नासक्या मासळीची पारख करण्याकडे होईल, हे बॉइलच्या स्वप्नातही नव्हते.

दुसरे पान औषधाच्या पुडीतले. हिवताप आपल्या जंगलभागाला नवा नाही. इंग्रजी अमदानीत पोस्टातून क्विनाइनच्या पुड्या विकत, आणि ते कडू औषध जुन्या पिढीने नाक दाबून घेतलेले आहे. १८४५ साली जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाला दिसले की क्विनाइनचे निवळशंख पाणी उन्हात धरले की पृष्ठभागाशी आकाशासारखे निळे दिसते. त्याचा उलगडा १८५२ साली जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स याने केला. त्याने काचेच्या लोलकातून ऊन पाठवून सप्तरंगी पट्टा पाडला आणि क्विनाइनच्या पाण्याची नळी तांबड्या रंगापासून जांभळ्याकडे सरकवीत नेली. तांबड्यात काही नाही, पिवळ्यात काही नाही, हिरव्यात काही नाही. नळी जांभळ्याच्या टोकाशी आणि त्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला निव्वळ काळोख दिसतो तिथे गेली, आणि निळी उजळली. म्हणजे न दिसणारा उजेड ते पाणी गिळत होते आणि दिसणारा उजेड बाहेर टाकत होते. फ्लोरस्पार नावाच्या खनिजावरून स्टोक्सने या गुणाला ‘फ्लुओरेसन्स’ नाव दिले. आपण मराठीत प्रतिदीप्ती म्हणतो.

हे कसे होते, ते बाजारातल्याच दाखल्याने सांगतो. अडत्या आपला माल विकतो, त्यातून आपली अडत कापून घेतो आणि उरलेली रक्कम आपल्या हाती ठेवतो. प्रतिदीप्त द्रव्याचा कण तसाच. तो जोरकस जांभळ्यापलीकडचा उजेड घेतो, त्यातला थोडा जोर उष्णतेच्या रूपाने स्वतःकडे कापून घेतो आणि उरलेला कमी जोराचा निळा, हिरवा किंवा तांबडा उजेड परत देतो. नोटा तपासायचा जांभळा दिवा आपण बँकेत पाहिला असेल. त्याखाली नोटेतले धागे चमकतात, ते याच गुणाने.

आता उजेडाची गोष्ट घटकाभर बाजूला ठेवून नासण्याकडे वळू या.

मासा, मांस, डाळ यांत प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे अनेक मण्यांची माळ. ते मणी म्हणजे अमिनो आम्ले. मासा मेला, ऊन लागले, की जंतू माळ तोडतात आणि सुट्या मण्यांवर हात मारतात. काही जंतू मण्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात. आंबट जागी स्वतःचा बचाव करण्याची ही त्यांची एक युक्ती आहे. मागे जे उरते त्याला अमाइन म्हणतात. हे अमोनियाचे भाऊबंद, म्हणून क्षारधर्मी. लायसीन नावाच्या मण्यातून कॅडाव्हरीन, ऑर्निथीनमधून पुट्रेसीन आणि हिस्टिडीनमधून हिस्टामीन तयार होते. पहिल्या दोघांची नावे अनुक्रमे प्रेत आणि कुजणे या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून पडली, यावरून त्यांच्या वासाची कल्पना यावी.

या अमाइनांचा शोध लागला तोही न्यायालयाच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकात इटलीचा रसायनज्ञ फ्रान्चेस्को सेल्मी याने दाखवून दिले की कुजणाऱ्या प्रेतात आपोआपच अशी द्रव्ये तयार होतात, जी त्या काळच्या कसोट्यांत वनस्पतीच्या विषासारखी दिसतात. याचा अर्थ काय झाला? प्रेतात विष सापडले म्हणून एखाद्या निरपराध माणसाच्या गळ्यात फास पडू शकला असता. सेल्मीने या द्रव्यांना प्रेत या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘टोमेन’ म्हटले. पुढे १८८५ साली बर्लिनच्या लुडविग ब्रीगर याने पुट्रेसीन आणि कॅडाव्हरीन शुद्ध रूपात वेगळे केले.

मग एक चूक झाली, आणि ती बराच काळ टिकली. अन्नातून कोणालाही बाधा झाली की डॉक्टर म्हणत, ‘टोमेनची विषबाधा.’ सगळा दोष या घाणेरड्या वासाच्या द्रव्यांवर. परंतु १८८८ साली जर्मनीत आउगुस्ट गेर्टनर याने बाधा झालेल्या लोकांनी खाल्लेल्या मांसातून एक जंतू वेगळा केला. आज तो साल्मोनेला कुळात गणला जातो. १८९० नंतरच्या दशकात बेल्जियममध्ये व्हॅन एर्मेन्गेम याने खारवलेल्या मांसातून आणखी एका भयंकर विषाचा जंतू शोधला. तेव्हा उमगले की बहुतेक वेळा अमाइन हा गुन्हेगार नसून गुन्हेगाराचा माग आहे. आपल्या न्यायशास्त्रात डोंगरावरचा धूर पाहून विस्तवाचे अनुमान करतात ना, तसे. धूर भाजत नाही, पण विस्तव कुठे आहे ते सांगतो.

याला एक अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा. हिस्टामीन हा नुसता धूर नव्हे. तो स्वतःच भाजणारा विस्तव आहे. १९०७ साली विंडाउस आणि फोख्ट यांनी ते प्रयोगशाळेत बनविले आणि १९१० साली हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी शरीरावर त्याचा काय परिणाम होतो ते दाखविले. बांगडा, तारली, ट्यूना अशा समुद्री माशांत हिस्टिडीन भरपूर असते. असा मासा बर्फावाचून तासन्‌तास राहिला की त्यात हिस्टामीन साठते. तो खाल्ला की थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. आणि बरं का, आई-बहिणींनी हे नीट ऐकावे: हिस्टामीन शिजवून जात नाही, तळून जात नाही, बर्फात ठेवूनही जात नाही. जंतू उकळत्या रश्शात मरतील. त्यांनी करून ठेवलेली घाण मरणार नाही. ‘चांगला कडक शिजवला म्हणजे झाले’ ही समजूत इथे फसवी आहे.

मग हिस्टामीन ओळखायचे कसे? त्याला स्वतःला म्हणावा तसा वास नाही. इथे आपल्या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. १९५९ साली अमेरिकेत शोर, बर्कहाल्टर आणि कोन या तिघांनी एक युक्ती काढली. ऑर्थोफ्थालाल्डिहाइड नावाचे एक द्रव्य आहे. ते एकटे चमकत नाही. हिस्टामीन एकटे चमकत नाही. पण दोघांची गाठ पडली की जे तयार होते ते जांभळ्यापलीकडच्या उजेडात निळे चमकते. जितके हिस्टामीन जास्त, तितका उजेड जास्त. म्हणजे उजेड मोजला की विष मोजले. माशातील हिस्टामीन मोजण्याच्या अधिकृत पद्धतीत पुढे हीच युक्ती आली. जागतिक अन्नमानकांप्रमाणे किलोभर माशात २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक हिस्टामीन असू नये, असा नियम आपण करू शकतो तो अशा मोजमापाच्या जोरावर.

याच द्रव्याचा धागा आपल्या धानाच्या बांधीपर्यंत येऊन पोचतो. लाखोळीची डाळ आपणा सर्वांना ठाऊक आहे. धान उभे असतानाच बांधीत लाखोळी फेकायची आणि ओलीवर दुसरे पीक घ्यायचे. दुष्काळात गरिबाने महिनोन्‌महिने तीच खाल्ली की पाय लुळे पडण्याचा धोका असतो. १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यातले दोषी अमिनो आम्ल शोधून काढले, आणि १९७८ साली त्यांच्यापैकीच एस. एल. एन. राव यांनी ते मोजण्याची पद्धत दिली. तीत हेच ऑर्थोफ्थालाल्डिहाइड वापरले आहे. फक्त तिथे उजेडाऐवजी पिवळा रंग मोजतात. १९६१ साली लाखोळीच्या विक्रीवर आलेली बंदी महाराष्ट्रात २००८ साली उठली. बंदीच्या बाजूने असो की विरुद्ध, वाद घालताना आकडा हाती असावा लागतो, आणि तो आकडा अशा कसोटीतून येतो. लाखोळीचा दोष जगातले कोणतेही नाक ओळखू शकणार नाही.

परंतु या साऱ्या कसोट्या प्रयोगशाळेतल्या. सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. नमुना तिथे पोचून उत्तर येईपर्यंत मासा खाऊन संपलेला असतो, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर नमुनाच वाटेत नासायचा. म्हणून कसोटी प्रयोगशाळेतून उचलून माणसाच्या हाती देणे, हा या इतिहासाचा पुढचा टप्पा.

या वाटेवर एका मराठी बाईंचे नाव घेतलेच पाहिजे. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. विज्ञानात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, डाळी अशा गरिबाच्या अन्नाचा अभ्यास केला. नीरा किती लवकर आंबते हे शिंदीच्या बनाजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको! नंतरच्या काळात त्या मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत रमल्या. १९६६ साली स्थापन झालेल्या या ग्राहकसंस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. शास्त्रज्ञाचे ज्ञान विकत घेणाऱ्याच्या पिशवीपर्यंत गेले पाहिजे, ही दृष्टी त्यांनी आपल्या कामातून दाखविली.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हीच दृष्टी जगभरच्या प्रयोगशाळांत दिसते. कागदाच्या पट्टीवर प्रतिदीप्त रंग चढवायचा आणि ती पट्टी मासळीच्या डब्यात झाकणाखाली ठेवायची. मासा नासू लागला की अमाइनांची वाफ उठते, पट्टीवरच्या रंगाला भिडते आणि दिव्याखाली पट्टीचा उजेड बदलतो. काही रंग पेटतात, काही विझतात, काही निळ्याचे पिवळे होतात. पूर्वी एक अडचण होती: बहुतेक रंगांचे कण कागदावर दाटीवाटीने बसले की एकमेकांचा उजेड मारून टाकत. २००१ साली हाँगकाँगमध्ये बेन झोंग टांग यांच्या मंडळींनी उलट स्वभावाची द्रव्ये पुढे आणली. ती द्रावणात सुटी असताना काळोखी राहतात आणि दाटीत बसली की उजळतात. कागदी पट्टीला असेच द्रव्य हवे होते.

आणि आता बॉइलचे ते वाक्य आठवा. आंबटाने विझतो, क्षाराने पेटतो. अमाइन क्षारधर्मी असतात, हे आपण पाहिले. आजच्या कित्येक पट्ट्यांत आधी आम्लाने विझविलेला रंग असतो, आणि नासक्या मासळीची क्षारयुक्त वाफ त्याला पुन्हा पेटविते. लाकडाच्या पेल्यात जे १६६४ साली दिसले, तेच तत्त्व मासळीच्या डब्यात कामाला आले आहे. त्या मेक्सिकन लाकडातले चमकणारे द्रव्य मुळात लाकडात नसतेच, ते किंचित क्षारयुक्त पाण्यात हळूहळू तयार होते, हेही स्पॅनिश रसायनज्ञांनी २००९ साली दाखविले. चार शतके लोक ज्या पाण्याकडे नवलाने पाहत होते, त्याचे पूर्ण उत्तर मिळायला एवढा काळ लागला.

श्रोतेहो, नव्या साधनाचे कौतुक करताना त्याची वेसही पाहिली पाहिजे. पट्टी अमाइन ओळखते. सगळे विष ओळखत नाही. २०१३ साली बिहारमधील गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली. तिथे अन्न नासले नव्हते. त्यात कीटकनाशक गेले होते. अशी पट्टी तिथे गप्प राहिली असती. शिजवून दिवसभर उबेत ठेवलेल्या भातात एक जंतू असे विष करतो की भाताला वास येत नाही आणि पुन्हा गरम करूनही ते विष जात नाही. तिथेही पट्टीवर विसंबता येणार नाही. उलट, मुद्दाम आंबवलेल्या पदार्थांत थोडेफार अमाइन असतातच. पट्टी उजळली म्हणून प्रत्येक आंबलेला पदार्थ वाईट ठरत नाही. साक्षीदार एकच गोष्ट सांगतो. निवाडा आपल्यालाच करावा लागतो.

म्हणून शालेय पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने आणि मोठ्या माणसांनी तो चाखून पाहावा, हा नियम कोणी कागदावरचा समजू नये. ज्या दिवशी शंका येईल, त्या दिवशी पातेले ओतून टाकण्याचे धैर्य दाखवावे. त्या दिवशी पोरे थोडी उपाशी राहतील, पण संध्याकाळी घरी जातील. बाजारात समुद्राची मासळी घेताना बर्फ पाहावा. बर्फ वितळून किती वेळ झाला ते विचारावे. तलावाच्या माशाला समुद्राच्या माशाइतका उग्र वास लवकर येत नाही, म्हणून तिथे नाकाबरोबर डोळा नि बोटही वापरावे. सकाळचा भात रात्री खायचा असेल तर तो लवकर थंड करून ठेवावा. एवढे आज आपल्या हातात आहे, त्याला दिवा लागत नाही.

आणि शिक्षकांनो, बीजाच्या ढलप्यांचा प्रयोग विसरू नका. त्यासाठी उभे झाड तोडू नका. सुताराकडे पडलेल्या ढलप्या पुरतात. आरपार पिवळे दिसणारे पाणी कडेने निळे का, हे एखाद्या मुलीने विचारले, तर तिला उत्तर लगेच सांगून टाकू नका. तिच्या हाती लिंबाची फोड आणि चिमूटभर खायचा चुना द्या, आणि काय होते ते तिलाच पाहू द्या. कोणी सांगावे, सिरोंच्याच्या बाजारात चालणारी स्वस्त पट्टी उद्या तीच करील.